पाळीव प्राण्याचं नाव

११ जानेवारी

तुझ्या नावाने तुझ्या लॅबच्या सिस्टिममध्ये कोण शिरलं ते तू शोधतोयस, असं आईकडून कळलं. शोधू नकोस. मी शिरले.

आज सकाळी संचालकांनी तुम्हाला सांगितलं असेल की हल्ला खरा नव्हता, सुरक्षेची परीक्षा होती, बाहेरच्या कंपनीकडून करून घेतली. कंपनीचं नाव सांगितलं असेल, माणसाचं सांगितलं नसेल. आमच्यात तशी पद्धत आहे. 'आमच्यात' वाचून तुला हसू येईल. येऊ दे.

कागदावर लिहितेय, कारण माझा मेल तू उघडणार नाहीस, आणि उघडलासच तर तो खरंच माझ्याकडून आलाय का ते तपासण्यात दिवस घालवशील. फोन तर तू चार वर्षांपूर्वीच बंद केलास. पाकीट मात्र माणूस उघडतोच. हे जुन्या नोकरीत कळलं होतं, नवीन नोकरीत तेच पैसे घेऊन शिकवतात.

पोलीस खातं मी सोडलं. कारण गुडघा. जिने चढवेनात. आईने तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास तेही मला माहीत आहे: "या वयात तिला कोण घेणार? चोराच्या कानाखाली वाजवता येते म्हणून कॉम्प्युटर कळत नाही." आईला निरोप मऊ करून पोचवता येत नाही, तुला ठाऊक आहेच. मी आयुष्यात कोणाच्या कानाखाली वाजवलेली नाही. तुझ्या सोडून.

कॉम्प्युटर सुरक्षेच्या कोर्सला वर्गात पहिल्या दिवशी शिरले तर सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवायला आले. मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्यावर लक्ष ठेवायला आलात का?" म्हटलं, हो. सहा महिने तिने माझ्याशेजारी एकदाही फोन काढला नाही. पहिली आली ती.

काम तुला वाटतं तितकं वेगळं नाही. प्रत्येक यंत्र आपापली नोंद ठेवतं, आणि प्रत्येकाचं घड्याळ थोडं मागेपुढे असतं. पोरं आधी नोंदी वाचतात आणि मग गोंधळतात. मी आधी घड्याळं जुळवते. साक्षीदारांच्या बाबतीत हेच करायचे. "तुम्ही आरडाओरडा ऐकलात तो जेवणाआधी की नंतर?" असं विचारायचं आणि मग पुढे जायचं. माणूस खोटं बोलतोय की त्याचं घड्याळच मागे आहे, हे ठरवल्याशिवाय त्याच्यावर डोळे वटारण्यात अर्थ नसतो.

तर, तुझ्या खात्यातून मी रुग्णांची यादी उघडली. वाचली नाही. उघडल्याचा पुरावा घेतला आणि बाहेर पडले. महिनाअखेरीस अहवाल जाईल. तुला काढून तुझ्या जागी बाहेरचं कंत्राट आणायचंय, हे पहिल्या बैठकीत संचालकांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांना निमित्त हवंय. सिस्टिमप्रमुखाच्या नावाने परका माणूस आत शिरला, एवढं एक वाक्य त्यांना पुरे आहे, आणि ते वाक्य लिहिण्याचा पगार मला मिळतो.

आत कसं शिरले ते तुला एव्हाना कळलं असेल. शब्द तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. इथे लिहीत नाही.

– परीक्षक


१७ जानेवारी

तुझी चिठ्ठी मिळाली. चार वर्षांनी चार ओळी. तुझा वेग आपल्या कासवापेक्षा बरा नाही.

"तू फसवलंस. बाहेरच्या चोराला जे कळणं शक्य नाही ते तू वापरलंस. साहेबांना सांग की तू माझी बहीण आहेस. नाहीतर मी सांगतो."

सांग की. मग साहेब विचारतील, बहीण असली म्हणून तिला तुमचा गुप्त शब्द कसा कळला? तुम्हीच तर परिपत्रक काढलंत की गुप्त प्रश्नाला खरं उत्तर कधीही ठेवू नये. तेव्हा तुला तो शब्द त्यांच्यासमोर मोठ्याने म्हणावा लागेल, आणि तोच का ठेवलास तेही सांगावं लागेल. तू सांगणार नाहीस. तेवढं मी तुला ओळखते.

मी तरी का सांगू? हे काम हातात आलं तेव्हा माझ्या वरिष्ठाने विचारलं होतं. तो माझ्या निम्म्या वयाचा आहे, कानावरचे हेडफोन कधी काढत नाही, त्यामुळे सगळे त्याला हेडफोनच म्हणतात. एका कानावरचा बाजूला सरकवून त्याने विचारलं, "मॅडम, या लॅबमध्ये तुमच्या ओळखीचं कोणी?" मी म्हटलं, नाही. ते खोटं नव्हतं. ज्याने चार वर्षांत माझ्या तापाची, दुखण्याची, घर बदलल्याची चौकशी केली नाही, तो ओळखीचा कसा?

तू त्या खोलीचं काढणार, म्हणून मीच काढते.

तुझ्या आधीच्या कंपनीतून ग्राहकांची माहिती बाहेर गेली. सिस्टिमची चावी तुझ्याकडे होती, म्हणून तुला आमच्याकडे चौकशीला बोलावलं. दिवसभर बसवलं. मी शेजारच्या खोलीत होते आणि आत आले नाही. नियम तसा आहे. नातेवाइकाने त्या दारालासुद्धा हात लावायचा नाही. मी हात लावला असता तर तू निर्दोष सुटलास तरी लोक म्हणाले असते, बहिणीने सोडवला. तू स्वच्छ सुटलास ते मी बाहेर बसले म्हणून. हे तुला एकदा तरी सुचलं असेल असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

आणि भिंती किती पातळ होत्या हे तुला माहीत नाही. माझ्या सहकाऱ्याने तुला विचारलं, "तुमची बहीण याच इमारतीत आहे ना? बोलवू का?" तू म्हणालास, "मला बहीण नाही."

हे मला आईने सांगितलेलं नाही. मी ऐकलं.

त्यामुळे मी कोण ते आता तुझ्या साहेबांना सांगायची घाई मला नाही. तुझंच विधान आहे, मी फक्त त्याच्याशी सुसंगत वागतेय.

आईला मध्ये घालू नकोस. परवा ती गॅलरीतून हळू आवाजात फोनवर म्हणाली, "तुम्हा दोघांना मी जन्माला घातलं ते काय एकमेकांना नोटिसा पाठवायला?" मी म्हटलं, सुरुवात त्याने केली. तर म्हणाली, "कळलं. पुढच्या खेपेला एकच मूल काढते."

– परीक्षक


२४ जानेवारी

तुझं उत्तर नाही. आलं असतं तरी आजचं पत्र हेच असतं.

अहवालाचा मसुदा हेडफोनने परत केला. माझा अहवाल परत येण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या दोन अहवालांचं कारण एकच होतं: मी नावं लिहिते. खात्यात नावाशिवाय अहवाल म्हणजे अर्धवट अहवाल, वरून फाइल तोंडावर यायची, "आरोपी कुठाय?" इथे उलट. पहिल्याच महिन्यात एका कारखान्यातल्या कारकुनाने खोट्या मेलवर बोट दाबलं होतं. मी त्याला एका खोलीत बसवलं, दार लावलं, समोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि गप्प बसले. एवढंच. दहा मिनिटांत तो रडायला लागला आणि त्याने न विचारलेल्या दोन गोष्टी कबूल केल्या. त्यातली एक त्याच्या बायकोबद्दल होती. तक्रार आली. हेडफोन मला म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे आरोपी नसतो. दार उघडं कसं राहिलं ते लिहायचं, कोणी उघडं ठेवलं ते नाही." मी म्हटलं, दार आपोआप उघडत नाही. तो म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला घेतलंय. पण नाव काढा."

या खेपेला मी तुझं नाव लिहिलंच नव्हतं. 'अधिकाऱ्याचा गुप्त शब्द कमकुवत होता' एवढं लिहिलं होतं. संचालकांना तेवढं वाक्य मसुद्यातून कळलं होतं आणि त्यांचा आनंद फोनवर ऐकू येत होता. हेडफोनने त्या वाक्याखाली रेघ मारली होती.

"कमकुवत म्हणजे कसा? शब्द काय होता?"

"पाळीव प्राण्याचं नाव."

"खरं?"

"खोटं. त्याने खरं ठेवलं नव्हतं."

"मग तुम्हाला कळलं कसं?"

"अंदाज."

"मॅडम, मला अंदाज लिहून द्या. बाहेरच्या कोणालाही तो बांधता आला असता तर शब्द कमकुवत. नसता आला तर नाही. शब्दाशब्दाने लिहा, फोनवर काय बोलणं झालं ते."

म्हणून काल बसून लिहिलं. तुलाही पाठवते. तुझ्याच हेल्पडेस्कचं आहे, तू ऐकायला हवंस.

फोन एका बाईने उचलला. तिला सर्दी झाली होती. मी म्हटलं, तुमच्या सिस्टिमप्रमुखांची बहीण बोलतेय, ते दवाखान्यात आत आहेत, त्यांचा फोन पाण्यात पडलाय, त्यांना तातडीने सिस्टिममध्ये जायचंय. खोटं बोलायचं तर निम्मं खरं असावं, म्हणजे आवाज हलत नाही.

"बहीण?" ती म्हणाली. "साहेबांना बहीण आहे?"

"आहे."

"कधी बोलले नाहीत."

"बोलत नाहीतच."

"नाही, घरचं तसं सांगतात हो. आईंचं सांगतात, मुलीचं सांगतात. मोठ्या का धाकट्या तुम्ही?"

"मोठी."

"मग बरोबर. माझा भाऊपण माझं नाव काढत नाही. फोन गेला म्हणजे कोड येणार नाही ना? तो मी सोडून देते, पण गुप्त प्रश्न विचारावा लागेल. साहेबांचा नियम आहे, मलाच ओरडतील. लहानपणच्या पाळीव प्राण्याचं नाव?"

"पळपुट्या," मी म्हटलं. आपलं कासव. तू स्वतःच्या परिपत्रकातला नियम पाळतोस का ते बघायचं होतं.

"चुकलं. अजून एकदाच हं, मग लॉक होतं."

आता इथून पुढचं माझ्या धंद्यातलं आहे, कोर्समधलं नाही. खोटं बोलणारा माणूस लांबून काही आणत नाही. हाताशी असेल ते उचलतो. रेडिओ फोडलास तेव्हा तू मांजराचं नाव सांगितलंस, कारण मांजर समोर बसलं होतं. कॉलेजला दांडी मारलीस तेव्हा दात दुखला असं सांगितलंस, कारण त्या आठवड्यात आई गाल धरून बसली होती. तुझी सगळी खोटी उत्तरं मला पाठ आहेत, माझं शिक्षण त्यांच्यावरच झालं. तेव्हा मी विचार केला, हा खुर्चीत बसलाय, समोर प्रश्न आहे, खोटं उत्तर द्यायचंय. हाताशी काय असेल? बायकोचं नाव नाही, ते सगळ्यांना ठाऊक. मुलीचं नाही. कोणालाच माहीत नाही आणि तरी शोधायला उठावं लागत नाही, असं काय?

"दुर्बीण," मी म्हटलं.

मला आठव्या वर्षी जाड भिंगांचा चष्मा लागला त्या दिवशी तू हे काढलंस. बाबांनी त्यावरून तुला बदडलं. मग तू ते कोणासमोर म्हणायचं बंद केलंस आणि फक्त मी एकटी असताना, दाराआडून म्हणायचास. आईलाही हे माहीत नाही. माझ्याइतका या शब्दाचा राग जगात कोणाला नाही, कारण तो दुसऱ्या कोणाला माहीतच नाही.

"बरोबर," ती बाई हसली. "हे कसलं हो नाव? मांजर होतं का?"

"होतं."

"डोळे मोठे असतील."

"ओरबाडायचं."

"तरी साहेबांचा जीव असणार. आम्हाला सगळ्यांना दर तीन महिन्यांनी शब्द बदलायला लावतात. बदलला नाही की त्यांचीच तंबी येते. स्वतःचा मात्र कधी बदलला नाही. लॅबमध्ये आले तेव्हापासून हाच आहे."

तिने तात्पुरता पासवर्ड सांगितला. मी लिहून घेतला. अक्षर इतकं वाईट आलं की तिला पुन्हा विचारावं लागलं.

लॅबमध्ये तू आलास ते त्या खोलीनंतर. म्हणजे 'मला बहीण नाही' असं सांगून झाल्यावर.

याचा अर्थ काय लावायचा ते मी तुला विचारत नाहीये. स्वतःचा नियम स्वतः मोडणारा सिस्टिमप्रमुख नालायक असतो, एवढंच म्हणतेय.


३१ जानेवारी

अहवाल गेला. तुझ्या साहेबांच्या टेबलावर असेल, तुला दाखवणार नाहीत, म्हणून काय लिहिलंय ते सांगते.

लिहिलंय की गुप्त शब्द 'दुर्बीण' होता. हा शब्द फक्त दोन माणसांना माहीत आहे, एक ज्याचं खातं तो आणि दुसरी परीक्षक, कारण ती त्याची सख्खी बहीण आहे. बाहेरच्या माणसाला तो कळला नसता. त्यामुळे या परीक्षेवरून सिस्टिमप्रमुखाबद्दल कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. परीक्षा रद्द समजावी, दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा घ्यावी. नात्याची माहिती परीक्षकाने आपल्या कंपनीला दिली नव्हती.

तुझी खुर्ची तूर्त शाबूत आहे. संचालकांनी आमच्या कंपनीला फोन करून बरंच काही ऐकवलं म्हणे. निमित्त हातातून निसटलं की माणसं फार तत्त्वाचं बोलतात.

उपकार समजू नकोस. जप्तीची वस्तू जिथे सापडली तिथेच सापडली असं लिहायचं, सोयीच्या जागी नेऊन ठेवायची नाही. खात्यात मी एवढ्यासाठीच नावडती होते. कमकुवत शब्द असं लिहिलं असतं तर ती वस्तू मी उचलून दुसरीकडे ठेवल्यासारखं झालं असतं. तुझ्या जागी दुसरा कोणी उद्धट माणूस असता तरी हेच लिहिलं असतं. फक्त त्याच्यासाठी मसुदा पहिल्याच वेळी नीट झाला असता.

हेडफोनने अहवाल वाचताना कानावरचे दोन्ही काढून टेबलावर ठेवले. त्याचे कान मी पहिल्यांदा पाहिले.

"मॅडम, मी तुम्हाला विचारलं होतं."

"चार वर्षं बोलणं नव्हतं. त्याला ओळख म्हणावं का, याबद्दल शंका होती."

"मग ती शंका तेव्हाच सांगायची. मी काम दुसऱ्याला दिलं असतं. प्रश्न संपला असता."

पोरगा बरोबर बोलत होता आणि बरोबर बोलणाऱ्याशी वाद घालायची मला सवय नाही. समोर बसायचे ते बहुतेक चुकीचंच बोलायचे. त्याने सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. मग पुन्हा कागद हातात घेतला आणि म्हणाला, "बाकी अहवाल चांगलाय. पण यात एक नाव राहिलंय."

माझंच होतं.

"काढू?" मी विचारलं.

"राहू दे," तो म्हणाला.

तर आता नोकरी नाही. तुझ्यामुळे गेलेली ही दुसरी. पहिलीसुद्धा गुडघ्यामुळे गेली नव्हती. गुडघा ठणठणीत आहे. जिने चढवत नव्हते ते त्या एकाच इमारतीचे, कारण वर गेलं की त्या खोलीच्या दारावरूनच माझ्या टेबलाकडे जावं लागायचं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस. ती जसंच्या तसं सगळ्यांना सांगेल.

वर्गातल्या त्या मुलीला फोन केला होता. ती आता एका रुग्णालयाच्या सुरक्षेचं बघते. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे नोंदी वाचणारं माणूस हवंय, पण तुम्ही लोकांना खोलीत कोंडणार नाही ना?" म्हटलं, प्रयत्न करते. ती माझ्याबद्दल तिच्या साहेबांशी बोलणार आहे. या वेळी ओळखीचं कोणी आहे का विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरवलेलं नाही.

आता कामाचं. फोनवर कोणी रडगाणं गायलं म्हणून हेल्पडेस्कने कोड सोडून देणं ही चूक खरी आहे, ती मी अहवालात ठेवली आहे आणि ती तुझी आहे. त्या सर्दीवाल्या बाईवर ओरडू नकोस. तिने प्रश्न विचारला, तुझ्या नियमाने विचारला. कोड सोडून द्यायची मुभा तिला कोणी दिली ते बघ. तूच दिली असशील. दुसरा परीक्षक येण्याआधी दुरुस्त कर. तो तुझा कोणी नसेल, तो माझ्यासारखं सांभाळून लिहिणार नाही.

आणि शब्द बदल. आता तो अहवालात आहे, संचालकांना माहीत आहे, निम्म्या लॅबला माहीत झाला असेल. आपला राहिला नाही.

नवा ठेवशील तो खोटाच ठेव. पण या खेपेला जरा लांबून काहीतरी आण. जवळचा ठेवलास तर मला लगेच कळेल.